सात आला तर करीन

आमच्या ह्यांना पूर्ण आकडा सांगायचा भारी कंटाळा. होते गणिताचे मास्तर. परतूरच्या वस्तानिया, म्हणजे मधल्या वर्गांच्या शाळेत त्यांनी वर्गच्या वर्ग आकडेमोडीनं घामाघूम केले. पण घरी आले की आकड्याच्या तोंडापुरतंच बोलायचे. विहीर किती खोल आहे हो? "तीन." आता तीन हात, तीस हात का तीनशे, हे ऐकणाऱ्यानं आपल्या अकलेनं ठरवायचं. मी चिडले की म्हणायचे, "पहिला आकडा म्हणजे घरचा कारभारी. बाकीची मंडळी त्याच्या मागून येतेच. कारभारी ओळखला की बस झालं."

ह्यांचं नाव मी सांगणार न्हाई. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. आता ते न्हाईत, मुभा आहे, पण एवढ्या वर्षांनी नावानं हाक मारली तर त्यांना वाटंल दुसऱ्याच कोणाला बोलावून राह्यली.

ह्या कारभाऱ्यापायी एकदा आमची जी फजिती झाली, ती माझ्या नणंदबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत होत्या. नणंदबाई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. आईबाप गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. हे त्यांना आक्का म्हणायचे, म्हणून मीही आक्काच म्हणायची. तर एक दिवस शाळेला जाता जाता हे दारातून म्हणाले, "संध्याकाळी जेवायला पाहुणे हैत. दोन." आम्ही दोघींनी दोघांचा स्वयंपाक केला, वर एखादी भाकर जास्त टाकली. संध्याकाळच्या गाडीनं जी माणसं उतरली ती अंगणात मावेनात. ह्यांचेच जुने विद्यार्थी, कोणाच्या तरी लग्नाला निघालेले. मी ह्यांना चुलीपाशी बोलावलं.

"दोन म्हणाल्ते ना तुम्ही?"

"मंग? बावीस हैत. पुढं दोनच आहे की."

आक्कांनी वरणाच्या पातेल्यात पाण्याचा तांब्या उपडा केला, मंग दुसरा केला, आणि म्हणाल्या, "तुझ्या पाहुण्यांना सांग, वरणाचा पहिला घास तेवढा घट्ट लागंल."

निजामाचा अंमल होता तेव्हा. शाळेत शिकवणं सगळं उर्दूतून. आमची शेतकऱ्यांची पोरं घरी मराठी बोलायची आणि शाळेत गुणाकाराला 'जर्ब' म्हणायची. ह्यांना त्याचं काही वाटायचं न्हाई. जर्ब म्हणा का गुणाकार म्हणा, ओझं तेवढंच, असं म्हणायचे. आणि ओझं म्हटलं की ह्यांची गाडी लॉगवर यायची. लॉगचं कोष्टक कोटाच्या खिशात कायम. पोरांना सांगायचे, "गुणाकार म्हणजे डोक्यावरचं गाठोडं. लॉग म्हणजे बैलगाडी. गाठोडं गाडीत टाकलं की नुसती बेरीज करत बसायचं, गाव आपोआप येतं." ते कोष्टक ह्यांच्या वर्गाच्या अभ्यासात नव्हतंच, वरच्या वर्गाचं होतं. हेडमास्तरांना आम्ही सदर साहेब म्हणायचो, फार भला आणि मिस्कील माणूस. त्यांनी एकदा हटकलं, "मास्टर साब, ये तो अगली जमात का है." हे म्हणाले, "जी. मगर अगली जमात में मैं न्हाई हूँ ना."

त्या कोष्टकाची पहिली पानं बोटांनी काळी झाली होती, आणि शेवटची पानं वाण्याकडच्या नव्या कागदासारखी कोरी. पहिली पानं सुटून यायची आणि मीच ती सुई-दोऱ्यानं शिवायची. एकदा मी म्हणलं, "पुस्तक आणलंय तर पुरं तरी वापरा." हे असे खूष झाले की मला वाटलं मी काहीतरी मोठी गोष्ट बोलले. मंग मला बसवून सांगितलं की जगात एकानं सुरू होणारे आकडेच जास्त. एकाचे दोन व्हायचे तर आकड्याला दुप्पट व्हावं लागतं. पाचाचे सहा व्हायला त्याच्या मानानं थोडंच पुरतं. म्हणून वाढणारा आकडा एकात जास्त रेंगाळतो.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, परतुरात धान्याचे आडते होते. आमच्या आडतीवर मापारी धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत न्हाईत. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. मापारी मुसलमान असला तर म्हणतो बरकत. ह्यांनी ते ऐकलं आणि दिवसभर तेच. "बघ, एकाला लाभ म्हणतात. जिथं तिथं एकच पुढं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं." मी म्हणलं, "त्यांना काही ठाऊक न्हाई. शकुनाचं म्हणून म्हणतात." झालं. दिवे लागेपर्यंत माझ्याशी बोलले न्हाईत.

असा हा माणूस लग्न करायला बिलकुल तयार नव्हता. का नव्हता ते मला पुढं कळलं. वरवर कारण वेगळंच सांगायचे. कोणी विषय काढला की म्हणायचे, "करीन की. दोनाच्या दुणीत पुढं सात आला तर करीन." हे एकदा त्यांनी शाळेत सदर साहेबांसमोर, चार मास्तरांच्या देखत सांगितलं, म्हणजे शब्दच दिला म्हणा ना.

दुणी म्हणजे दुप्पट. दोनाचे चार, चाराचे आठ, मंग सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन, पाचशे बारा, एक हजार चोवीस. आता ह्यांचे कारभारी तेवढे घ्या. दोन, चार, आठ, एक, तीन, सहा, एक, दोन, पाच, एक. पुढं पुन्हा दुप्पट करत गेलं की दोन हजार अठ्ठेचाळीस, चार हजार शहाण्णव, आणि परत तेच: दोन, चार, आठ, एक, तीन, सहा. दहा-दहाचा फेरा. लोक आंघोळ करताना देवाचं म्हणतात, हे दोन-चार-आठ-एक म्हणायचे. त्या फेऱ्यात सात न्हाई. ह्यांनी तीन फेरे करून बघितले, सात आला न्हाई, आणि हे निवांत झाले.

आक्का मात्र निवांत नव्हत्या. त्यांना हा फेरा पाठ झाला होता, अर्थ ठाऊक नव्हता. दादांच्या घरी येऊन बसायच्या, माझ्यासंगं गहू निवडायच्या आणि खडा टाकता टाकता म्हणायच्या, "दोन, चार, आठ, एक. मेल्या साताला कोणी कोंडून ठेवलंय बाई?"

माझं सांगायचं तर मला तेव्हा एकोणीस सरलं होतं. त्या काळी एवढ्या वयाची पोरगी घरात म्हणजे येणारा-जाणारा दादांकडं कीव करूनच बघायचा. दोन ठिकाणं जमत आल्ती. एका पाहुण्यानं विचारलं, स्वयंपाक येतो का? मी म्हणलं, तुम्हाला येतो का? ते ठिकाण तिथंच उठलं. दुसरं का उठलं ते सांगत न्हाई, तेही माझ्या जिभेपायीच. दादा रागावले न्हाईत, पण जेवायचे कमी झाले. आई लवकर गेली होती, बोलणार कोणाशी?

आणि हे रोज आमच्या ओट्यासमोरून स्टेशनकडं जायचे. मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे वाचायला. छत्री उन्हातही मिटलेली, पावसातही मिटलेली. डब्यांनी ह्यांचं कधी ऐकलं न्हाई, एकानं सुरू होणारे डबे काही जास्त निघायचे न्हाईत, तरी परत येताना चेहरा मात्र जावयासारखा. तेव्हा म्हणायला जीभ धजली नसती, आता म्हणते. मला ते आवडायचे.

म्हणून मी पाटी घेतली. दादांनी मला आडतीच्या हिशेबापुरतं शिकवलं होतं. पाढे यायचे, हातचे यायचे. गहू निवडून झाले की मी पाटीवर दुणी करायची. आकडा लांबत चालला. आणि सव्विसाव्या दुणीला पुढं सात आला. आक्का बाजूलाच होत्या. त्यांना मी नुसतं बोट लावून दाखवलं. पायात चप्पल न घालता त्या घरी पळाल्या.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. सकाळीच हे आले, संगं आक्का, आणि साक्षीला सदर साहेब, कारण शब्द त्यांच्यासमोर दिलेला. दादांनी ओट्यावर सतरंजी टाकली. मी आतल्या दाराच्या आड. ह्यांनी पाटी हातात घेतली, नाकाशी धरली आणि उजवीकडून बोट फिरवत गेले. डाव्या टोकाला आले आणि हसले.

"मुलीनं एकच हातचा दोनदा धरलाय. एक हातचा दोन घरी जेवला. हा सात न्हाई, सहा आहे."

मी मनातल्या मनात पुन्हा केलं. बराबर होतं त्यांचं. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. लग्न तर गेलंच होतं, पण संध्याकाळपर्यंत साऱ्या परतुरात झालं असतं की आडत्याच्या पोरीनं नवरा मिळावा म्हणून आकडा फिरवला. दादा खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. ते मला बघवलं न्हाई. मी आतूनच बोलले.

"मास्तर, तुम्ही कुठवर गेल्ते?"

पुरुषांत पोरीनं असं विचारायचं नसतं. दादा खाकरले. ह्यांनी मात्र वर्गात उत्तर द्यावं तसं दिलं. "तीसवर. पुढं जायचं कारण न्हाई. दहा दुण्या झाल्या की आकडा हजारपट होतो. हजारपट म्हणजे मागं नुसती शून्यं. कारभारी पुन्हा तेच."

"हजार का हजार चोवीस?"

"चोवीस म्हणजे शीग. मापावरची. ती धरायची न्हाई."

माप भरल्यावर वर धान्याचा जो ढीग राहतो त्याला आम्ही शीग म्हणतो. हे बोलले आणि दादा हसले. "मास्तर, शीग धरायची न्हाई म्हणलं तर आमच्या धंद्याला कुलूप लागंल. मापामागं मापं गेली की शिगेचंच पोतं भरतं."

हे हसले न्हाईत. कोटाच्या खिशातून लॉगचं कोष्टक काढलं, एक पान बघितलं आणि परत ठेवून दिलं. मंग खडू काढला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर उकिडवे बसले. तीसपर्यंतचं त्यांना पाठच होतं. फेऱ्यात जिथं सहा येतो ते आकडे त्यांनी एकाखाली एक मांडले आणि मोठ्यानं वाचले, या वेळी कारभारी आणि त्याच्या मागचा, दोन्ही. चौसष्ट. पासष्ट. सदुसष्ट. पुढच्या दुण्या करत छत्तिसाव्यावर आले. अडुसष्ट.

"चढून राह्यलाय," हे स्वतःशीच म्हणाले.

चहा निवला. आडतीवरचे मापारी काम टाकून रस्त्यात उभे राहिले. हे गुडघ्यावर सरकत सरकत फरशी भरत होते, धोतराला खडू लागला त्याची शुद्ध न्हाई. सेहेचाळिसावी दुणी आली. चौदा आकड्यांची रांग, उजवीकडून डावीकडं. शेवटी पाच दुणे दहा, शून्य, हातचा एक. तीन दुणे सहा आणि एक, सात.

"सात!" हे ओरडले. उठून दादांचे दोन्ही हात धरले, सदर साहेबांना मिठी मारली, रस्त्यातल्या मापाऱ्यांना सांगितलं, आला म्हणून. माणसाला एवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला न्हाई. आक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि आत येऊन गुळाचा खडा घेऊन गेल्या. ज्याच्या-त्याच्या हातावर गूळ. मापारी म्हणाले, अभिनंदन मास्तर.

हे गूळ खात म्हणाले, "कशाचं?"

सदर साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "अब कहाँ जाते, मास्टर साब? सात तो आ गया ना."

तेव्हा कुठं ह्यांच्या लक्षात आलं. चेहरा असा उतरला की मला दाराआडूनही दिसला. मला वाटलं, ह्यांना सात पाहिजे होता, मी नको होते. सगळे खुशीत होते, दादांच्या तोंडावर किती दिवसांनी तेज आल्तं, आणि मला रडू येऊन राह्यलं होतं.

ह्यांनी गूळ संपवला, हात पुसले आणि दाराकडं तोंड करून उभे राहिले. "मला मुलीशी बोलायचंय."

दादा म्हणाले, "बोला. आम्ही ऐकतोच."

"शब्द मी दिल्ता, तिनं न्हाई. आकडा आला म्हणून ती बांधली जात न्हाई. आणि दुसरं. आक्कानं मला वाढवलंय. उद्या घरात कोणी आली आणि आक्काला कोपऱ्यात बसावं लागलं तर मला चालणार न्हाई, म्हणून मी इतकी वर्षं सात-सात करत होतो. आक्काची चूल आक्काचीच राहील. हे सगळं पटत असंल तर सांगा. न्हाई पटलं तर मी साऱ्या गावाला सांगीन की मास्तरानंच शब्द मोडला. तुमच्यावर बोल येणार न्हाई."

आक्कांनाही हे तेव्हाच कळलं.

मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आलेल्या पाहुण्यांनी स्वयंपाक विचारला, शिवण विचारलं, पण तुला चालतंय का, हे दादांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. समोर फरशी भरलेली. मी ती बघत राहिले. एकापासून आठापर्यंत सगळे कारभारी तिथं होते.

"नऊ कुठंय?" मी म्हणलं. "नऊ आला की सांगते."

दादांनी कपाळाला हात लावला. सदर साहेब म्हणाले, "वाजिब है." आणि हे परत गुडघ्यावर बसले.

फरशी संपली, उंबऱ्याजवळची कोरी पट्टी राहिली होती, तिथं आले. माझ्यापासून हातभर अंतरावर. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. बावन्नावी दुणी लिहून झाली. पुढं चार, त्यामागं पाच, त्यामागं शून्य. ह्यांनी वर बघितलं. त्यांना दिसलं होतं, आणि मला दिसलंय हेही दिसलं होतं. पुढची दुणी त्यांनी केली न्हाई. खडू उंबऱ्यावर ठेवला आणि मागं सरून दादांच्या शेजारी जाऊन बसले.

मी खडू न उचलता आत गेले असते तर कोणी मला जाब विचारला नसता. तेवढी जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती.

मी पदर खोचला, खडू घेतला आणि सगळ्यांच्या देखत बाहेर येऊन बसले. उजवीकडून सुरुवात केली. सहा दुणे बारा, दोन, हातचा एक. घाई केली न्हाई. एकेक आकडा तोंडानं म्हणत, एकेक हातचा बोटावर धरत गेले. सोळा आकड्यांची रांग होती ती. डाव्या टोकाला आले तेव्हा पाच दुणे दहा, शून्य, हातचा एक. चार दुणे आठ आणि एक, नऊ.

नऊ मी जरा मोठाच काढला.